आईची फाईल

(दृश्य: अंधार. एसटीचे दिवे लागतात, इंजिन सुरू होतं. पहिले दहा सेकंद निवेदन नाही.)

मुक्कामी गाडी सव्वासहाला सुटते. रात्रभर ती इथंच, वडाखाली उभी असते. वरच्या वाडीतून खाली यायला वीस मिनिटं लागतात. कडेवर अकरा वर्षांचं पोर असेल तर पाऊण तास.

आईच्या खांद्याला पिशवी आहे. पिशवीत भाकरीचा डबा, पाण्याची बाटली, पोराची जादाची चड्डी आणि निळी प्लास्टिकची फाईल. फाईल भिजू नये म्हणून तिला वरून आणखी एक कॅरीबॅग.

घरच्यांनी चित्रण करू दिलं, नावं मात्र घेऊ नका म्हणाले. म्हणून गावाचं आणि जिल्ह्याचंही नाव आम्ही घेत नाही.

(दृश्य: वाहक तिकीट फाडतो. मुलगा खिडकीच्या गजाला हनुवटी टेकवून बाहेर बघतो.)

मुलाचं तिकीट पाव. दिव्यांग प्रवाशाला एसटीत 75 टक्के सवलत आहे. आईचं अर्धं, पण ते मुलामुळे नव्हे. मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांना अर्धं आहे. सोबत बाप आला असता तर साथीदार म्हणून त्यालाही अर्धं लागलं असतं. त्यासाठी मुलाचं अपंगत्व 65 टक्क्यांच्या वर असावं लागतं आणि तसं कागदावर लिहिलेलं असावं लागतं. या मुलाचं तसं आहे. तरी बाप येत नाही, कारण एक रोज बुडतो. आईचाही बुडतो.

(दृश्य: सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा. रांग. कॅमेरा रांगेच्या शेवटापासून पुढे सरकत जातो. इथे घाई नको.)

आज बोर्डाचा वार, म्हणजे डॉक्टर अपंगत्व तपासून दाखला देतात तो दिवस. सरकारी कागदावर शब्द 'दिव्यांग' असला तरी रांगेत सगळे 'अपंगाचा दाखला' असंच म्हणतात. आधी महा ई-सेवा केंद्रात जाऊन ऑनलाइन अर्ज भरायचा, त्याची प्रिंट घ्यायची. इथं आल्यावर केसपेपर. मग नंबर. मग हाडांचे डॉक्टर, मग मुलांचे डॉक्टर, मग जिथं पाठवतील तिथं. एक सही राहिली तर पुढच्या बोर्डाला यायचं.

जुना दाखला आहे, पण तो तात्पुरता होता आणि त्याची मुदत संपत आली आहे. वाढत्या वयाच्या मुलाला बऱ्याचदा असाच मुदतीचा दाखला मिळतो. अक्षरं-आकडे लावताना अडखळणाऱ्या, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना तर तपासणीसाठी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी यावं लागतं.

दाखल्यासोबत आता यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र येतं. त्यावर रंगाचा पट्टा असतो. 40 टक्क्यांच्या खाली पांढरा, 40 ते 80 च्या मधे पिवळा, 80 आणि त्यावर निळा. पांढऱ्या पट्ट्यावर फारसं काही मिळत नाही. रांगेतल्या बायका एकमेकींना मुलाचं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात, किती टक्के?

बोर्डाच्या खोलीत कॅमेरा नेता आला नाही. दार बंद झालं, सात मिनिटांनी उघडलं.

(दृश्य: वरून. घराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर फाईल उघडली जाते. आईचे हात एकेक कागद मांडत जातात.)

सगळ्यांत खाली जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड. बाळ उशिरा रडलं. मेंदूला प्राणवायू कमी पडला. हात-पाय चालवणाऱ्या भागाला इजा झाली, तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. ही इजा वाढत जात नाही आणि भरूनही येत नाही. स्नायू मात्र आखडत जातात, आणि व्यायाम लागतो तो त्यासाठी, रोज.

त्यावर अंगणवाडीतल्या तपासणीचा कागद. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन अंगणवाडीत आणि शाळेत येतं. तोवर घरात सगळे म्हणत होते, काही मुलं उशिरा चालतात. पथकातल्या डॉक्टरने प्रथमच कागदावर काहीतरी लिहिलं.

मग रेशनकार्डाची झेरॉक्स. उत्पन्नाचा दाखला, दर वर्षी नवा. बँकेचं पासबुक. निराधार योजनेचा अर्ज. पुन्हा झेरॉक्स. एकाच आधारकार्डाच्या अकरा झेरॉक्स आहेत, आम्ही मोजल्या. प्रत्येक कार्यालय आपली एक प्रत ठेवून घेतं आणि शेजारच्या खोलीत दुसरी लागते.

कायद्याचा कागद या फायलीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा. जुन्या, 1995 च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, नव्यात एकवीस आहेत. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड घरच्यांची. या घराने जवळची शाळा निवडली, कारण विशेष शाळा जिल्ह्याच्या गावी आहे.

(दृश्य: चढावर दुचाकी. हेल्मेटखाली स्कार्फ. डिकीला बांधलेली गोणपाटाची पिशवी.)

या मॅडम. समग्र शिक्षा अभियान या सरकारी शालेय योजनेतल्या विशेष शिक्षिका. वाडीत कुणी त्यांचं आडनाव घेत नाही, 'मॅडम आल्या' एवढंच. जी मुलं शाळेपर्यंत पोचत नाहीत त्यांच्या घरी जायचं, जी पोचतात त्यांच्या वर्गात जायचं, आणि आठवड्यातले दोन दिवस गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रात, अहवाल भरायचे. वर्षानुवर्षं हे काम करार पद्धतीवर चाललं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. राज्याने 2024 मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला धरून, 4,860 पदं ठरवली. मॅडमच्या वहीत आज किती मुलं आहेत ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही. वही जाड आहे.

(दृश्य: अंगण. बांबूच्या दोन समांतर दांड्या. इथे लांब शॉट, मग खुणांचा जवळून शॉट.)

आता हे नीट बघा.

फिजिओथेरपीच्या खोलीत चालायचा सराव करायला स्टीलच्या दोन दांड्या असतात, त्यांना पॅरलल बार म्हणतात. मॅडमनी मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. चार मेढी, दोन बांबू आणि तार घेऊन बापाने एका रविवारी तेच अंगणात उभं केलं. बांबूचं कुसळ हाताला लागू नये म्हणून वरून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. उंची मुलाच्या कमरेइतकी. दर पावसाळ्यानंतर तार सोडायची आणि बांबू चार बोटं वर बांधायचा. मेढीवर जुन्या तारेच्या खुणा आहेत. पाच खुणा, पाच वर्षं. दुसऱ्या घरात अशा खुणा दाराच्या चौकटीवर असतात.

पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. म्हणून बसताना दोन गुडघ्यांच्या मधे गोधडीची गुंडाळी. बसवायचं ते घराच्या कोपऱ्यात, दोन्ही भिंतींचा आधार पाठीला मिळेल असं. टाच जमिनीला टेकत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ पोटरी ताणायची, सावकाश, वीस आकडे म्हणत. आकडे मुलगाच म्हणतो. अठरानंतर तो मुद्दाम थांबतो.

मग पावट्याचे दाणे. डब्यातून एकेक उचलून बाटलीत टाकायचे. अंगठा आणि बोट जुळलं तर उद्या पेन्सिल धरता येईल. बाटली आज निम्मी भरली.

(दृश्य: दाण्यांचा आवाज. निवेदन नाही. पंधरा सेकंद.)

थोरली बहीण त्याचे केस विंचरते आहे. तिची शाळा नववीत सुटली.

(दृश्य: साहित्यवाटपाचा मंडप. व्हीलचेअरची रांग. हार, माइक, फोटो.)

व्हीलचेअर, कुबड्या, कानाची यंत्रं, ब्रेल पाट्या. केंद्र सरकारच्या योजनेतून, कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून हे साहित्य येतं. आधी मोजमापाचं शिबिर होतं, साहित्य काही महिन्यांनी मिळतं. तेवढ्यात मूल वाढलेलं असतं. या मुलाच्या खुर्चीच्या पायट्या एक घर खाली करून घ्याव्या लागल्या.

खुर्ची घरी जात नाही, कारण वाट दोन माणसांपुरतीही नाही. ती शाळेत राहते. सकाळी आई कडेवर घेऊन येते, खुर्चीत बसवते आणि कामाला जाते. शाळेला उतार आहे. उताराला कठडाही आहे. वर्गातली दोन पोरं खुर्ची कुणी ढकलायची यावरून रोज भांडतात.

(दृश्य: गटसाधन केंद्र. शनिवार. बाकांवर आया, मांडीवर मुलं, मधे चहाची किटली.)

शनिवारी इथं आया जमतात. बैठकीला नाव नाही, बॅनर नाही, इतिवृत्त नाही. आमच्या मते आख्ख्या तालुक्यात सगळ्यांत उपयोगाची जागा हीच.

हे नवं नाही. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, कारण त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. नाशिकला 1977 मध्ये रजनी लिमये यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा सुरू केली, त्यामागेही त्यांचा स्वतःचा मुलगा होता. या खोलीतल्या बायकांनी ही नावं ऐकलेली नाहीत.

कोपऱ्यातल्या त्या ताई. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची. मूल अठराचं झालं की कायद्याने आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. ताईंना हे बँकेने पैसे अडवल्यावर कळलं. आता त्या दर शनिवारी नव्या आयांना तेवढंच सांगायला येतात. सोबत निरामय हा आरोग्य विमाही सांगतात. तो याच चार गटांसाठी आहे. वर्षाला 1 लाखापर्यंत, आणि दवाखान्यात भरती न होता केलेल्या थेरपीचाही खर्च त्यात धरतात. आजार आधीपासूनचा असला तरी चालतो.

दाराजवळच्या बाईंचा मुलगा नववीत आहे. बोलायला हुशार, लिहायला बसला की अक्षरं उलटी. दहावीला अशा मुलाला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहिणारा, आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळू शकतात. महाराष्ट्रात या सवलतींची सुरुवात 1996 ची. पण तपासणी करून दाखला देणारी रुग्णालयं मोजकी, आणि अर्ज परीक्षेच्या बऱ्याच आधी करावा लागतो. बाईंनी तारीख हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतली.

निळ्या फायलीची आई आज बोलते आहे. बोर्डाच्या रांगेत दुपारी कुठला डॉक्टर जेवायला जातो, म्हणून कुठली सही आधी घ्यायची, ते ती समजावते. तीन बायका ऐकताहेत. त्यांच्याही मांडीवर फायली आहेत, एक हिरवी, दोन लाल.

(आईची मुलाखत इथे. चाळीस सेकंद. निवेदन नाही, संगीतही नाही.)

(दृश्य: ग्रामपंचायत कार्यालय. टेबल, शिक्का, शाईचं पॅड.)

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हे तिला शनिवारी कळलं. घर ते रस्ता, एवढीच वाट सिमेंटची करून मिळावी, खुर्ची जाईल इतकी रुंद, असा अर्ज तिने दिला. अक्षर थोरल्या मुलीचं, सही आईची.

अर्ज घेणाऱ्यांनी तो वाचून बाजूला ठेवला. ती उठली नाही. पोच द्या, म्हणाली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसला, खाली तारीख पडली.

(दृश्य: फायलीत कागद सरकवणारे हात.)

शेवटचा कप्पा भरला. नवी फाईल तालुक्याला मिळते, एसटी स्टँडसमोर.

(दृश्य: संध्याकाळ. मुक्कामी गाडी वडाखाली येऊन थांबते. इंजिन बंद.)