डिझेल गाडीचा फिल्टर घरी बदलायचाय? आधी हे बघा

नमस्कार मंडळी! कोकणातून परत येताना करूळ घाटात गाडी दमते, ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप नाही, आणि गगनबावडा ओलांडून सपाटीला लागली की परत बरी चालते. असं होत असेल तर टर्बो गेला, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) गेले म्हणून लगेच घाबरू नका. आधी डिझेल फिल्टर बघा. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागतं, आणि तुंबलेल्या फिल्टरमधून तेवढं पुढं जात नाही.

पेट्रोल गाडीवाल्यांनो, तुम्ही मात्र यात हात घालू नका. आताच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आतच, पंपाबरोबर असतो. लाइनमध्ये प्रेशर असतं आणि पेट्रोलची वाफ साध्या ठिणगीनं पेटते. ते काम गॅरेजचंच.

फिल्टर घेताना गाडीचं नुसतं नाव सांगून चालत नाही. एकाच मॉडेलला वर्षाप्रमाणं वेगळा फिल्टर असू शकतो. कोल्हापुरात उद्यमनगरात दुकानात जाल तेव्हा आरसी बुक आणि जुन्या फिल्टरवरच्या नंबरचा फोटो जवळ ठेवा. किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच धरा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गाडी मोकळ्या हवेत लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाईप कुठला कुठं बसलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा.

आणि आता, काहीही उघडायच्या आधी, फिल्टरच्या भोवतीची धूळ-माती ब्रशनं आणि फडक्यानं स्वच्छ करा. लोक इथंच घाई करतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजेक्टरच्या आतल्या फटी त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक, आणि कॉमन रेलमधलं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं) प्रेशर १६०० बारपर्यंत, काही गाड्यांत त्याहून जास्त. एक कण फिल्टरच्या पुढच्या बाजूला गेला की तो थेट इंजेक्टरमध्ये, कारण पुढं अडवायला काहीच नाही. म्हणून नवीन फिल्टरची पिशवी शेवटच्या क्षणी फोडायची. आणि कॉटन वेस्ट वापरू नका, तिचे धागे सुटतात. धुतलेलं सुती फडकं घ्या.

खाली ट्रे ठेवा. पाईपचे क्लिप दोन्ही बाजूंनी दाबून हातानं काढा. स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, इंजिनाच्या उष्णतेनं ते प्लास्टिक कडक झालेलं असतं, तुकडा पडतो. सुटलेल्या पाईपच्या तोंडाला स्वच्छ प्लास्टिक बांधा. डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) आणि कूलंटच्या रबरी पाईपवर सांडू देऊ नका.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत ओतून थोडा वेळ ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. टाकी रिकामी राहिली की हवेतलं बाष्प आत जमतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर जास्तच. पाणी डिझेलपेक्षा जड, ते फिल्टरच्या तळाशी बसतं. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, तिथं पाणी पोचलं की पंप घासला जातो. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, आणि फिल्टरला खाली ड्रेन स्क्रू असेल तर अधूनमधून पाणी काढा.

नवीन फिल्टर बसवताना त्यावरचा बाण बघा, डिझेल टाकीकडून इंजिनाकडं. पाण्याचा सेन्सर जुन्यावर असेल तर तो काढून नवीन ओ-रिंगसह (गोल रबरी रिंगसह) बसवा, रिंगला चांगल्या डिझेलचं बोट लावून. पाईप 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, मग बॅटरी जोडा.

आता डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा काढायची. लाइनवर हातपंप असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी फक्त ऑन करा, पंपाचा आवाज थांबला की ऑफ. असं चार-पाच वेळा. मगच स्टार्टर मारा, तोही दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये विश्रांती द्या, नाहीतर बॅटरी बसेल.

भावांनो, जुन्या ट्रॅक्टरला इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढतात, ते तुम्ही पाहिलं असेल. कॉमन रेलला ते कधीही, कधीही करायचं नाही. त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत घुसते. लागलेलं दिसतं टाचणीएवढं, पण ऑपरेशनची वेळ येते. तसं झालं तर दुखायची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

गाडी चालू झाली की दहा मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर क्लिप परत बसवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सुद्धा एकदा बघा.

ट्रेमधलं डिझेल गटारात ओतू नका. ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं. बाटलीत भरून जुन्या फिल्टरसह ओळखीच्या गॅरेजवाल्याकडं द्या, तो जळक्या ऑइलबरोबर देऊन टाकतो. आणि नवीन फिल्टरवर आजची तारीख आणि किलोमीटर मार्करनं लिहून ठेवा.