जखमेला प्राणवायू कधी कमी पडतो?

मंडळी, नमस्कार. मी प्लास्टिक सर्जन आहे. हल्ली ऑपरेशनआधीच्या भेटीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, नंतर ऑक्सिजन थेरपी घेतली तर जखम लवकर भरेल ना?" विचारणाऱ्याने कुठेतरी पारदर्शक नळकांड्यात निवांत झोपलेल्या माणसाचा फोटो पाहिलेला असतो. ती हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी, म्हणजे बंद कक्षात वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेणं. हो म्हणावं तर चुकीचं, नाही म्हणावं तरी चुकीचं, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

जखम भरायला प्राणवायू लागतो, यात शंका नाही. त्वचेला बळकटी देणारं कोलॅजेन पेशींमध्ये तयार होतं. त्याचे धागे एकमेकांत घट्ट पिळले जाण्याआधी त्यांच्यावर एक रासायनिक प्रक्रिया व्हावी लागते आणि तिला लोह, क जीवनसत्त्व आणि प्राणवायू हे तिन्ही हवेत. क जीवनसत्त्व नसलं की स्कर्व्ही होतो, जुने व्रणसुद्धा उसवतात, हे आपण शाळेत शिकलो. प्राणवायू कमी पडला तरी अडतं ते याच पायरीवर. शिवाय जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी जे जहाल रसायन सोडतात, तेही प्राणवायूपासूनच बनवतात.

मग जास्त दिला तर जास्त फायदा, असं वाटणं साहजिक आहे. पण निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या हवेवरच 97-98 टक्के भरलेलं असतं. भरलेल्या घागरीत आणखी किती ओतणार? तिथे जागाच नाही. जागा आहे ती रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात. आणि द्रवात वायू किती विरघळेल हे दाबावर ठरतं. विल्यम हेन्रीने हा नियम 1803 मध्ये मांडला. सोड्याची बाटली उघडल्यावर दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात, तोच नियम.

साधी हवा घेताना 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. तीन वातावरणांच्या, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट, दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला, तर तो सुमारे 6 मिलिलिटरपर्यंत जातो. विश्रांत शरीराची गरज साधारण तेवढीच असते. ॲमस्टरडॅमचे सर्जन इटे बोरेमा यांनी 1960 मध्ये डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि दाबाच्या कक्षात प्राणवायूवर त्यांना जिवंत ठेवून दाखवलं. हा प्रयोग मी विद्यार्थिनी असताना वाचला आणि त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता मुद्द्याकडे येऊ. नीट रक्तपुरवठा असलेल्या, स्वच्छ, ताण न देता टाके घातलेल्या जखमेत प्राणवायूची टंचाई नसतेच. टंचाई होते ती फ्लॅपमध्ये, म्हणजे खालच्या थरापासून सोडवलेल्या पण एका बाजूने जोडलेल्या त्वचेत. फेसलिफ्टमध्ये आम्ही गालाची आणि मानेची त्वचा खालच्या थरापासून सोडवतो, वर ओढतो, जादा भाग कापतो आणि कानाभोवती शिवतो. सोडवलेल्या त्वचेला खालून येणारं रक्त बंद झालेलं असतं. ते आता फक्त चेहऱ्याच्या बाजूने, बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून सरकत येतं. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोचताना जे होतं, तेच कानामागच्या त्वचेचं होतं. पोटाची सैल त्वचा काढायच्या शस्त्रक्रियेत असं शेवटचं शेत म्हणजे बेंबीखालचा, टाक्यांच्या वरचा मधला भाग.

माझ्या एका रुग्णाचं सांगते. फेसलिफ्टनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली, तर डाव्या कानामागे नाण्याएवढा भाग जांभळा पडलेला. बोटाने दाबला, सोडला. रंग परत आला, पण फार झटकन आणि काळपट. म्हणजे रक्त आत येत होतं, बाहेर पडायला वाट नव्हती. पांढराफटक पडून रंग परतायला वेळ लागला असता, तर रक्त येतच नाही असं समजले असते. आधी त्वचेखाली रक्त साठलंय का ते तपासलं, साठलं नव्हतं. मग ताणलेले दोन टाके काढले, पट्टी सैल केली. खाली रक्ताची गाठ असेल तर ती आधी काढावी लागते, कुठलाही ऑक्सिजन तिची जागा घेऊ शकत नाही. हे सगळं झाल्यावर तिने हळूच सांगितलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीपर्यंत सिगारेट चालू होती.

तिला आम्ही त्याच दिवशी कक्षात पाठवलं. दाब दोन ते अडीच वातावरणांच्या दरम्यान, एका वेळी नव्वद मिनिटं, पहिले काही दिवस रोज दोनदा. अशा त्वचेला उशीर परवडत नाही, पेशी एकदा मेल्या की प्राणवायू त्यांना उठवत नाही. दाबाखालच्या प्राणवायूने रक्तवाहिन्या थोड्या आवळतात, त्यामुळे सूज उतरायला मदत होते आणि तरीही पेशींना प्राणवायू भरपूर मिळतो. पुढच्या दिवसांत नव्या केशवाहिन्या फुटायलाही त्याने चालना मिळते. तिच्या कानामागची कडेची चिंचोळी पट्टी वाळून खपली धरलीच. बाकीची त्वचा वाचली. ती केवळ या उपचाराने वाचली असं एका रुग्णावरून मी छातीठोकपणे म्हणणार नाही. प्राण्यांवरचे प्रयोग आणि रुग्णांच्या नोंदी आशादायक आहेत, पण सौंदर्यशस्त्रक्रियेत मोठ्या, काटेकोर चाचण्या फार थोड्या झाल्या आहेत. हा उपचार कशाकशासाठी वापरावा याची यादी अंडरसी अँड हायपरबॅरिक मेडिकल सोसायटी ही डॉक्टरांची संस्था करते; तिच्या यादीत धोक्यात आलेले फ्लॅप आणि त्वचारोपण आहे, सुरळीत भरणारी जखम नाही. मला ही सीमारेषा पटते.

कक्षात काय होतं, हे मी स्वतः बसून अनुभवलं आहे. दाब चढताना हवा कोमट होते, कानाला विमानात बसतात तसे दडे बसतात. आवंढा गिळत राहायचं. नाक धरून जोर लावायची सवय असते लोकांना. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र ते अजिबात करू नये, दाब सावकाश चढवायला सांगावं. अंगावर फक्त सुती कपडे. मोबाइल, तेल, क्रीम, मेकअप बाहेर, कारण इतक्या प्राणवायूत ठिणगी पुरते. काहींची दूरची नजर काही आठवडे अंधुक होते, मधुमेहींची साखर उतरू शकते, क्वचित फिट येते. छातीत हवा साठून फुफ्फुस दबलेलं असेल आणि त्यावर उपचार झालेले नसतील, तर कक्षात जाणं जिवावर बेतू शकतं.

आणखी एक. फुगवायच्या मऊ पिशवीसारखे कक्ष निघाले आहेत, त्यांत दाब असतो 1.3 वातावरण. आत साधी हवा असेल तर हिशोब करा. 21 टक्के गुणिले 1.3, म्हणजे नेहमीच्या दाबाखाली सुमारे 27 टक्के प्राणवायू घेतल्यासारखं. एवढं तर नाकावरच्या साध्या नळीनेही मिळतं. वर सांगितलेल्या उपचाराचं नाव याला देणं मला अप्रामाणिक वाटतं. चेहऱ्यावर प्राणवायूचा फवारा मारून टाके लवकर भरतात, हेही तसंच.

खरा प्राणवायू वाचतो तो सिगारेट सोडल्याने. निकोटीन त्या बारीक वाहिन्या आवळतं, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. निकोटीनच्या पट्ट्या आणि व्हेपसुद्धा. लपवू नका, कारण तुम्ही खरं सांगितलंत तर मी त्वचा कमी सोडवेन, कमी ओढेन.

घरी सोडताना मी रुग्णाच्या सोबतच्या माणसाला आरशासमोर उभं करते आणि त्याच्याच गालावर शिकवते. दिवसाच्या उजेडात, सकाळ-संध्याकाळ, टाक्यांलगतची त्वचा बोटाने हलकेच दाबायची, सोडायची आणि मनात मोजायचं. एक, दोन. तोवर गुलाबी रंग परत यायला हवा. तीनच्या पुढे गेलं, किंवा रंग जांभळा दिसला, किंवा एक बाजू अचानक फुगून ठणकायला लागली, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, मला फोन करायचा.