पॉइंट शून्य सहा कोस

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या भाषणानंतर ओझरच्या एका श्रोत्यांचं पोस्टकार्ड आलं. भरूचपासून केरळच्या किनाऱ्यापर्यंतचं समुद्रावरचं अंतर ७००० स्टेडिया, असं त्यांच्या वाचनात आलं. स्टेडियन हे लांबीचं जुनं ग्रीक माप, त्याचं अनेकवचन स्टेडिया. त्यांनी स्टेडियाचे मीटर केले, मीटरचे कोस केले आणि उत्तर काढलं ३५४.०६ कोस. खाली विचारलंय, ‘तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्यात. हिशेब तपासून सांगा.’

भागाकार चोख आहे. माझं भांडण त्या पॉइंट शून्य सहाशी. ०.०६ कोस म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या आसपास. सिन्नरकडे कुणाच्या बांधावर मी एवढा फरक काढला असता, तर दोघे भाऊबंद माझ्यासकट कोर्टात गेले असते. पण भर समुद्रात, दोन हजार वर्षांपूर्वी, कोणत्या साखळीने हे सव्वादोनशे मीटर मोजले?

हा आकडा ‘पेरिप्लस’मधला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक लिहिणाऱ्याने केलेली ही व्यापाऱ्यांची वाटाड्या-वही. लिहिणाऱ्याचं नाव काही उरलेलं नाही. त्याचा स्टेडियन म्हणजे ६०० ग्रीक फूट. आता फूट कुणाचा? बहुतेक जण स्टेडियन १८५ मीटरचा धरतात. आपल्या जुन्या फर्लांगापेक्षा थोडा आखूड. फर्लांग २०१ मीटरचा. काही अभ्यासक मात्र १५७ मीटरचाही धरतात. तो धरला, की ३५४ चे ३०० कोस झाले. मधले ५४ कोस गेले कुठे? नाशिकहून मुंबई गाठून वर उरतील एवढे ते आहेत!

बरं, कोस तरी एक आहे का? पत्रलेखकांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला घेतलाय. चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. हात दीड फुटाचा मानला, तर कोस होतो ३.६६ किलोमीटरचा. आमच्या घरातली म्हातारी माणसं मात्र कोस म्हणजे दोन मैल म्हणायची. त्या कोसाने मोजलं तर तेच ७००० स्टेडिया ४०२ कोसांवर जातात. मुळात क्रोश म्हणजे हाक. हाक जिथवर पोचते तिथवर एक कोस. आता हाक मारणाऱ्याचा गळा कसा, वारा कुठला, हे विचारायचं कुणी?

नाव तेच आणि माप वेगळं, याचा नमुना बघायला लांब जायला नको. नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीत उभे राहा. गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना २०० निवर्तनं शेत दिल्याचं तिथे कोरलंय. राज्यवर्ष १८. पुढे वर्ष २४ मध्ये, ते शेत पडीक आहे, गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरची १०० निवर्तनं दिली. मोजणी खात्यात माझी हयात गेली. हा फेरफार वाचताना मला अगदी घरच्यासारखं वाटतं. पण निवर्तन किती मोठं? ‘लीलावती’त ते २०० हात बाजूचा चौरस, म्हणजे दोन एकरांहून थोडं जास्त. कौटिल्याकडे तीन रज्जू, म्हणजे तीस दंड बाजूचा, म्हणजे जेमतेम ३० गुंठे. माझी ३३ फुटांची साखळी दोन्ही ठिकाणी तीच लागेल, उतारा मात्र दोन वेगळे निघतील.

आता समुद्राकडे. त्या काळी खलाशी पाणी मोजत नव्हता, तो दिवस मोजत होता. किनाऱ्याने जाणाऱ्या गलबताची दिवसाची चाल ५०० स्टेडिया, असा एक ग्रीक ठोकताळा होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लांब दिवसाला ७०० आणि रात्रीला ६०० धरलेत. अरब नाखव्यांचा ‘झाम’ म्हणजे तीन तासांची वाट. आपला प्रहरही तेवढाच. म्हणजे आधी दिवस, मग त्याला गुणून स्टेडिया. आकडा लांबीचा दिसतो, पण जन्मला वेळातून.

हाच वाटाड्या दख्खनच्या जमिनीवर आला, की स्टेडिया सोडून दिवस सांगतो. पैठण भरूचपासून दक्षिणेला २० दिवसांवर, एवढंच सांगतो. माल बैलगाड्यांनी, वाट नसलेल्या मुलखातून यायचा. नकाशावर पट्टी ठेवली तर हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर भरतं. दिवसाला पाच कोसांच्या आतली मजल! वाटेतली वळणं, घाट आणि बैलांचा दम धरला, तर पाच-सहा कोस. लादलेल्या गाडीला तेवढं पुष्कळ झालं.

म्हणून ओझरच्या आमच्या मित्रांना एवढंच सांगेन, कोस करण्याआधी मजली करा. ७००० भागिले ५००, म्हणजे दिवसा चालून रात्री नांगर टाकणाऱ्या गलबताच्या १४ मजली. रात्रंदिवस चाललं आणि वारा पाठीशी राहिला, तर हिरोडोटसच्या हिशेबाने साडेपाच दिवस. त्याखाली कंसात ‘सुमारे ३०० ते ४०० कोस’ लिहा, कोस कोणता तेही लिहा. आणि ते दशांशचिन्ह आजच खोडरबराने पुसून टाका.

नमस्कार.