जुडगा कुणाच्या कमरेला?

मंडळी, आधी एक प्रश्न. आत्ता या क्षणी तुमच्या वॉर्डची चावी कुणाकडे आहे? हात वर करू नका, मनातच सांगा.

मी होतो त्या मनोरुग्णालयात एकदा आगीची रंगीत तालीम झाली. घंटा वाजली, तेव्हा जुडगा कमरेला लावून अटेंडंट जेवायला गेलेला. दुसरा जुडगा ऑफिसच्या कपाटात. आणि कपाटाची चावी? पहिल्या जुडग्यात! हसा, आम्हीही हसलो होतो.

6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका मनोरुग्ण आश्रयगृहाला आग लागली. माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण गेले. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडाला साफ मनाई केली. कुलपं मात्र राहिली, आणि काही वॉर्डांत ती लागतात, हेही मी मान्य करतो.

पण दार उघडलं की सुटलो, असं मलाही वाटायचं. जपानमधलं फुताबा हे मनोरुग्णालय फुकुशिमाच्या अणुप्रकल्पापासून जेमतेम साडेचार किलोमीटरवर. मार्च 2011 मध्ये त्सुनामीनंतर प्रकल्पात अपघात झाला आणि परिसर रिकामा करायला लागले. 12 तारखेला चालतेफिरते 209 रुग्ण बसने बाहेर पडले. अंथरुणाला खिळलेले मागे राहिले. 14 तारखेला त्यांच्यासाठीही बसच आल्या. ज्याला धड बसता येत नाही, त्यालाही सीटवरच बसवलं. आधी किरणोत्साराची तपासणी, मग लांबचा वळसा. सुमारे 230 किलोमीटर जाऊन गाडी थांबली ती इवाकी शहरातल्या एका शाळेत. बसमध्ये सोबत डॉक्टर नव्हता. रुग्णालय आणि जोडीचं वृद्धांचं केंद्र मिळून 44 जणांचे मृत्यू पुढे टेपको या अणुप्रकल्प चालवणाऱ्या कंपनीच्या तीन माजी अधिकाऱ्यांवरच्या खटल्यात आले. 2019 मध्ये तिघेही निर्दोष सुटले.

आता आपल्या बसमध्ये डोकावू. लिथियम हे मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध. त्यावरचा रुग्ण उन्हात, पाण्याविना आठ तास बसला, तर रक्तातलं लिथियम चढू शकतं. हात थरथरतात, जीभ जड होते. बघणारा म्हणतो, आजार उसळला, द्या इंजेक्शन! क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध दोन दिवसांहून जास्त चुकलं, तर जुन्या डोसवर एकदम नेता येत नाही, अगदी थोड्यापासून चढवावं लागतं. हे शाळेतल्या त्या अनोळखी डॉक्टरला सांगणार कोण? केसपेपर तर मागेच राहिला.

म्हणून आम्ही प्रत्येकाची औषधांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पलंगाला टांगली. पुढच्या तालमीत माणसं बाहेर आणि चिठ्ठ्या पलंगालाच! मग सदऱ्याला आतून खिसे शिवून घेतले. शिंप्याने विचारलं, "साहेब, यात पैसे ठेवणार का?"

त्याच तालमीत एक काका काही केल्या उठेनात. दोघांनी दंडाला धरलं, तसे ते भिंतीला जास्तच चिकटले. तेवढ्यात रात्रपाळीच्या सिस्टर आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "काका, चहा आलाय." काका चपला घालून निघाले. आता त्यांच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली एक ओळ आहे: चहाला बोलवा. आणि हो, बाहेर खरोखरच चहा ठेवतो. पुढच्या वेळी त्यांनी उठायला हवं ना!