सोळाव्या वर्षी घर सोडलेला बिली

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'सोळाव्या वर्षी परदेशी क्लबला जावं का', आणि उदाहरण म्हणून बिली गिल्मर, स्कॉटलंडचा मिडफिल्डर, सोळाव्या वर्षी लंडनच्या चेल्सी क्लबला गेलेला. आता इंग्लंड हे स्कॉटिश पोराला परदेश आहे का, हा वेगळा वाद. ग्लासगोच्या कुठल्याही पबमध्ये 'इंग्लंड हा तुमचाच देश ना' असं विचारून बघा, पुढचं बिल तुमच्याच खिशातून जाईल.

तुम्ही सगळे कोल्हापूरचे, पेठेत वाढलेले, त्यामुळं ऑफसाईड वगैरे समजावत बसत नाही. पण एक जुनं दुखणं आहे ते आधी काढतो. बिलीचं नाव काढलं की समोरचा विचारतो, गोल किती? अरे बाबा, तो डिफेन्सच्या पुढं उभा राहून बॉल घेणारा माणूस आहे. उंची पाच फूट सात इंच. त्याचं काम बॉल यायच्या आधीच सुरू होतं, पास निघायच्या आत एकदा डाव्या खांद्यावरून मागं बघतो, एकदा उजव्या, आणि बॉल पायाशी येतो तेव्हा अंग आधीच अर्धं वळलेलं असतं. मागून समोरच्या टीमचा लांब ढांगांचा मिडफिल्डर धावत येतो आणि रिकाम्या जागेवर आदळतो. हायलाईट्समध्ये हे दिसत नाही, कारण हायलाईट्स सुरूच होतात ते बॉल पुढं गेल्यावर.

2020 चा मार्च आठवा. चेल्सीचा कोच लॅम्पार्डनं एफए कपात, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या नॉकआउट स्पर्धेत, लिव्हरपूलविरुद्ध या अठरा वर्षांच्या पोराला उतरवलं, चेल्सी 2-0 जिंकली, मॅन ऑफ द मॅच बिली. पाच दिवसांनी एव्हर्टनविरुद्ध प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला, 4-0, परत मॅन ऑफ द मॅच. आणि मग काय? त्याच आठवड्यात कोविडमुळं लीगच बंद! लीग परत सुरू झाली तर जुलैमध्ये गुडघा गेला, ऑपरेशन, काही महिने बाहेर.

आता लंडनचं वेम्बली स्टेडियम. युरोपातल्या देशांची स्पर्धा युरो 2020, जी झाली 2021 मध्ये, तारीख 18 जून. आपल्याकडं मध्यरात्र उलटून साडेबाराला मॅच, घरातले सगळे झोपलेले, आवाज बंद करून बघितली. स्कॉटलंड 1998 नंतर पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत, समोर इंग्लंड, आणि देशासाठी सुरुवातीपासून खेळायची बिलीची ही पहिलीच वेळ, वय वीस. पुढं इंग्लंडचे मिडफिल्डर राईस आणि फिलिप्स. पोरगं डिफेंडरच्या पायातून हक्कानं बॉल मागत होतं, घ्यायचं, वळायचं, द्यायचं, परत मागायचं. दुसऱ्या हाफमध्ये स्कॉटलंडच्या डाईक्सचा एक शॉट गोललाईनवरून कुणी काढला माहितीये? रीस जेम्सनं, म्हणजे बिलीच्याच चेल्सीच्या दोस्तानं! स्कोअर 0-0, आणि मॅचचा सर्वोत्तम खेळाडू बिली. 0-0 च्या मॅचवर मी तासभर बोलू शकतो म्हणून घरचे मला वेडा म्हणतात, म्हणू देत.

आणि तीन दिवसांनी बातमी, बिलीला कोविड. क्रोएशियाविरुद्धची मॅच हुकली, स्कॉटलंड 3-1 हरलं, बाहेर. यातली खरी गंमत वेगळीच आहे. मॅच संपल्यावर टनेलमध्ये त्याच्याशी गप्पा मारल्या म्हणून इंग्लंडच्या माउंट आणि चिलवेलला आयसोलेशनमध्ये बसवलं, आणि त्याच्याच बरोबर राहणाऱ्या स्कॉटलंडच्या एकाही खेळाडूला नाही! हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही. कुणाला सुटलं तर चहाच्या वेळी सांगा.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. नॉर्विच घेतो, मुद्दा तिथंच आहे.

वेम्बलीनंतर चेल्सीनं त्याला नॉर्विच क्लबला लोनवर, म्हणजे सीझनपुरता उसना, दिलं. टीम सीझनभर बुडत होती, शेवटी तळाला विसावा नंबर. बॉल पायात कमी, निम्मा वेळ डोक्यावरून जाणारा, म्हणजे बासरीवाल्याला ढोलपथकात उभं करून आवाज येत नाही म्हणायचं. त्यात ज्यानं त्याला घेतलं तो कोच फार्के नोव्हेंबरमध्येच गेला. एका अवे मॅचला तर नॉर्विचचेच लोक 'चेल्सीला परत जा' म्हणून ओरडले. पोरगं तेच, पाय तेच. मग सप्टेंबर 2022 मध्ये ब्रायटन या इंग्लिश क्लबनं विकत घेतला, आठवडाभरात त्यांचा कोच पॉटरच चेल्सीला निघून गेला! हसू नका, त्याच्या नशिबात कोच टिकतच नाहीत. नवा कोच दे झेर्बी, पहिले कित्येक महिने बिली बाकावर. पण ती टीम मागून पास करत खेळणारी, एप्रिलमध्ये वोल्व्ह्सला 6-0 हाणलं त्यात हा होता, आणि पुढच्या सीझनला लीगच्या 30 मॅच खेळला.

हो हो, आवरतो. आता मूळ विषय.

बिली एअरशरच्या किनाऱ्यावरच्या आर्ड्रॉसनचा, ग्लासगोच्या रेंजर्स क्लबच्या अकॅडमीत वाढलेला. किलमार्नकच्या शाळेत स्कॉटिश असोसिएशनची खास फुटबॉलची सोय होती, तिथं शिकला. 2017 मध्ये सोळाव्या वर्षी चेल्सीला, रेंजर्सला पाचेक लाख पौंड मिळाले असं तेव्हा छापून आलं. ब्रेक्झिटनंतर तर अशा पोरांना मागणी वाढली, कारण इंग्लिश क्लबांना आता युरोपातून अठराच्या आतलं पोर आणता येत नाही, स्कॉटलंडमधून येतं. मग जावं का? माझं मत, जावं, पण नुसतं क्लबचं नाव बघून नाही. अठरा-एकोणीसच्या वयात लोनला पाठवतील ती टीम बॉल ठेवून खेळते का, हे बापानं आधी विचारावं. एजंट विचारणार नाही, त्याचं कमिशन कधीच सुटलेलं असतं.

दुसरं, इंग्लंडलाच का? ऑगस्ट 2024 अखेर बिली इटलीच्या नेपोलीला गेला, स्कॉटलंडचाच मॅक्टॉमिनेपण तेव्हाच. नेपोलीचा मिडफिल्डर लोबोत्का जखमी झाल्यावर कोच कोन्तेनं त्याच जागी बिलीला मिलानच्या सान सिरो मैदानावर उतरवलं, मिलानला 2-0 हरवलं, आणि मे 2025 मध्ये एका पॉइंटनं इंटरला मागं टाकून इटालियन लीग जिंकली. त्याच महिन्यात बोलोन्यानं इटालियन कप जिंकला, कॅप्टन लुईस फर्ग्युसन, तोही स्कॉटिश, आणि तो तर इंग्लंडला न जाता स्कॉटलंडच्या ॲबरडीन क्लबहून थेट इटलीला गेलेला. त्याच्या आधी स्कॉटलंडचाच हिकी, तोही तिथल्या हार्ट्स क्लबहून थेट बोलोन्याला. यावर खरं तर अर्धा तास हवा होता, पण सेक्रेटरीसाहेब माईककडं यायला लागलेत, तेव्हा फर्ग्युसनचं पुढच्या वेळी.