फौजी घरी वारला तर गावाच्या दप्तरात काय राहतं?

नमस्कार मंडळी. आज मी एकाच कागदाबद्दल बोलणार आहे, माजी सैनिक वारल्यावर ग्रामपंचायतीत जी नोंद होते तिच्याबद्दल.

मृत्यू 21 दिवसांच्या आत कळवायचा, हा जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याखालचा नियम आहे आणि बहुतेक घरं ते करतात. पण तो फॉर्म नंबर 2 कधी नीट बघा. त्याचे दोन भाग आहेत. एक कायदेशीर, नाव, तारीख, ठिकाण, तो रजिस्टरला लागतो. दुसरा सांख्यिकीचा, त्यात मयताचा धर्म, व्यवसाय, आजार असतं आणि ते वर जातं मोजणीसाठी. म्हणजे व्यवसायापुढं कुणी ‘माजी सैनिक’ लिहिलंच तरी मृत्यूच्या दाखल्यावर ते येत नाही. आणि लिहितंय कोण, पेन्शनवर आल्यावर माणूस वावरात राबतो, मग लिहिणारा ‘शेती’ लिहून मोकळा होतो.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण जिवंत असताना त्याच पंचायतीला माहीत असतं ना की हा फौजी आहे, त्याची घरपट्टी माफ असते!

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक आजी. मालक गेले, आजीकडं दाखला होता, पण डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळतं त्या पुस्तकात, आजीचं माहेरचं नाव अन् आधारवर सासरचं. मग प्रतिज्ञापत्र करा, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद शोधा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, एसटीनं दिवसभराचा हेलपाटा, आणि फॅमिली पेन्शन सुरू व्हायला वर्ष उलटून गेलं. आजी मला म्हणल्या, ‘त्यायनी कुठं नोकरी केली हे मला सांगता येईना बाबा, नुसतं फौज ठाऊक.’ युनिटचं नाव, आर्मी नंबर गावात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं 2019 ला, 25,942 नावं कोरली तिथं. ती स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची. जो लढून परत आला आणि म्हातारपणी घरच्या बाजेवर गेला त्याचं नाव तिथं नसतं, असणारही नाही, त्याची नोंद गावानंच ठेवायची. आपला मराठवाडा तर जुना फौजी, हिंगोली, जालना, अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, इथं हैदराबाद काँटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली ठेवलेल्या फौजेच्या, छावण्या होत्या. 2023 ला कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली उर्दू-मोडी बाडं उघडली, वाचणारी माणसं शोधून आणली. तसं फौजींसाठी आजवर कुणी बसलंय का?

माझं मागणं ग्रामसभेकडं एवढंच, एक वही. आर्मी नंबर, रँक, युनिट, भरती कधी, घरी कधी आला, पीपीओ नंबर, बायकोचं नाव डिस्चार्ज बुकात आहे तसं अन् आधारवर आहे तसं, दोन्ही. माणूस जिवंत असतानाच भरायची, वारल्यावर फक्त तारीख टाकायची.

पहिलं पान मी भरून आणलंय, आजींच्या मालकांचं. ज्यांच्या घरी डिस्चार्ज बुक आहे त्यांनी रविवारी मूळ पुस्तक घेऊन पंचायतीत या, मी तुमच्या समोर उतरून घेतो अन् पुस्तक लगेच तुमच्या हातात परत देतो.