धान, तांदूळ, भात आणि एक घड्याळ

अध्यक्ष महाराज, आणि पुढच्या तीन रांगा रिकाम्या ठेवून मागे भिंतीला टेकलेल्या मित्रांनो! पत्रिकेवर माझा विषय 'बियाणं कोणाचं?' असा छापलाय. त्याकडे येतोच. पण आधी पुण्यातल्या एका किराणा दुकानात जाऊ.

मुलीकडे गेलो होतो. दुकानात म्हटलं, "चांगलं धान येतं का हो तुमच्याकडे?" दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. आपल्याकडे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, शेतात असतं ते धान, पोत्यात तांदूळ आणि ताटात भात. तिकडे शेतातही भात आणि ताटातही भात. मग भूक लागल्यावर ही माणसं नेमकी कुठं जातात, हा माझा जुना प्रश्न आहे. (हसू नका, पुण्याचे जावई इथं दोन तरी असतील.) तर शेवटी मी एचएमटी नावाचा तांदूळ मागितला. त्यानं वजनकाट्यावर ओतला. बारीक, लांबट, कोलमसारखा दाणा. मी विचारलं, "हा कोणी काढला, माहितेय?" म्हणाला, "कंपनीचा आहे, काका." मागं उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मदत केली, "घड्याळवाली कंपनी हो, आता तांदळात उतरलीय." झालं! मी पिशवी खाली ठेवली आणि तिथंच बोलायला सुरुवात केली. रांग वाढत गेली. मुलीनं कोपर मारलं. नातू म्हणाला, "आजोबा, घरी सांगा ना." घरी कोण ऐकतं? म्हणून आज तुम्हाला सांगतोय.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड. मराठवाड्यातलं नव्हे, हे आपलं झाडीपट्टीतलं. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 च्या सुमारास बांधीत पटेल-3 जातीचं धान उभं होतं, त्यात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर. आता तुम्हीआम्ही काय केलं असतं? बांधावरून पुढं गेलो असतो. दादाजींनी त्या खुडल्या, दाणे पिशवीत जपले आणि पुढच्या हंगामात शेताच्या मधोमध एवढ्याशा तुकड्यात पेरले. भोवती काटेरी झुडपांचं कुंपण, कारण जंगल लागून आणि रानडुकरांना संशोधनाबद्दल विशेष आदर नसतो. दरवर्षी निवड, दरवर्षी पेरणी. धान हे स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं दाणा धरणारं पीक. एका झाडाचा चांगला गुण निवडत गेलं की काही पिढ्यांत तो स्थिरावतो. विद्यापीठात यालाच शुद्ध वाण निवड म्हणतात. दादाजी नुसतं "पाहत गेलो" म्हणत असावेत, असं मला आपलं वाटतं.

बियाणं तयार झालं तेव्हा त्यांनी ते गावात वाटलं. ज्यानं मागितलं त्याला दिलं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्यानं पेरलं, भरघोस पिकलं, माल तळोधीच्या बाजारात गेला. व्यापाऱ्यानं विचारलं, जात कोणती? नाव तर ठेवलेलंच नव्हतं! तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती, व्यापाऱ्यानं तेच नाव देऊन टाकलं. माझी तक्रार एवढीच आहे बघा. बारसं झालं आणि बापाला बोलावलंच नाही. 1998 मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं, म्हणजे पीकेव्हीनं, तोच वाण 'पीकेव्ही-एचएमटी' म्हणून बाहेर काढला. शुद्धीकरण आम्ही केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. केलं असेल. पण दूध गाळणाऱ्याला गाईचा मालक म्हणत नाहीत.

मधल्या काळात मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली. पुढं एका नातेवाइकानं सुनेला दिलेल्या दीड एकरावर प्रयोग पुन्हा सुरू. त्यातून निघालेल्या वाणांची नावं ऐका: नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न, डीआरके. एचएमटीच्या वेळची चूक त्यांनी परत केली नाही. गाव आलं, घरातल्या पोरांना हाक मारावी तशी नावं आली आणि डीआरकेमध्ये स्वतःची आद्याक्षरंही आली.

2005 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते सन्मान. 2010 मध्ये फोर्ब्स मासिकाच्या ग्रामीण उद्योजकांच्या यादीत नाव. सरकारकडून सुवर्णपदकही मिळालं. अडचणीत ते विकायला काढलं तर सोन्यातच खोट निघाली. ती बातमी तुम्ही वाचली असेल. मी दोनदा वाचली, पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममधल्या दवाखान्यात ते गेले, तेव्हा एचएमटी शेजारच्या राज्यांतही पिकत होता.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणे. अहो, विषय तर आता सुरू होतोय! बरं, थोडक्यात. 2001 चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यानं शेतकऱ्याला वाण काढणारा म्हणून मान्यता दिली, स्वतःचा वाण नोंदवायचा हक्क दिला. बियाणं राखा, पेरा, देवाणघेवाण करा, विका, सगळी मुभा. पण दादाजींच्या त्या तीन लोंब्यांनंतर हा कायदा यायला अठरा वर्षं गेली, तोवर बियाणं गावोगाव पोचलं होतं. वाटून झालेल्यावर हक्क सांगायचा तरी कसा, आणि वाटणं ही चूक होती का, यावर माझी चार पानं आहेत, ती राहू द्या. एकच कलम सांगतो, 39 वं. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचं बियाणं शेतकऱ्याला विकता येतं, पण त्यावर ब्रँडचं नाव छापून नाही. म्हणजे पोतं विका, नाव मात्र... हो, हो अध्यक्ष महाराज, बसतो.